नानांस अनावृत पत्र : दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीनिमित्त

आदरणीय नाना,
सादर नमस्कार, विनंती विशेष.

जुनी गाडी पारखून घेऊन दिल्याबद्दल समोरासमोर आभार मानायला गेलो की तुम्ही हातातले फडके झटकता, "चहा ले" म्हणता आणि विषय बदलता. गेल्या वर्षभरात हे तीनदा घडले. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे, म्हणजे तुम्हाला ते मध्येच तोडता येणार नाही. शिवाय आपल्या खान्देशात जुनी गाडी घ्यायला निघालेल्या दुसऱ्या कोणाच्या ते वाचनात आले, तर त्याचेही चार पैसे वाचतील.

आईचे उपचार मुंबईला सुरू झाले तेव्हापासून महिन्यातून एकदा यावलहून चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास ठरलेला होता. घरच्या उंच गाडीत तिला दोघांनी धरून चढवावे लागे, आणि सेडानच्या डिक्कीत चाकांची खुर्ची बसवायची तर तिची चाके काढावी लागत. बसायला कारसारखी खाली, मागे सामानाला लांबरुंद आणि महामार्गावर दमदार, अशी गाडी म्हणजे इस्टेट. ती आपल्याकडे फारशी कोणी घेतली नाही. टाटांनी १९९२ साली 'इस्टेट' नावाचीच गाडी आणली होती, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आणि टाटांचीच इंडिगो मरीना आली, पण लोकांनी त्यांना ॲम्ब्युलन्सच म्हटले. माझ्या मेहुण्यांनी तर त्याहून अशुभ शब्द वापरला. मला मात्र तशीच गाडी हवी होती, आणि खरे सांगायचे तर आईचे कारण पुढे करून मी माझी जोरकस इंजिनाची हौसही भागवून घेत होतो. तुम्ही ते पहिल्याच दिवशी ओळखले आणि हसलात, पण आईसमोर बोलला नाहीत, याबद्दलही आभार.

पहिली गाडी आपण एका मोठ्या शहरातील दलालाकडे पाहिली. मीटरवर अठ्ठावन्न हजार किलोमीटर होते, रंग आरशासारखा होता आणि मी मनातल्या मनात विसार देऊन मोकळा झालो होतो. तुम्ही बॉनेट न उघडता त्यावर नुसता तळहात ठेवलात आणि माझ्या कानाशी म्हणालात, "भाऊ, ही आंघोळ करीसन बसेल शे." आपण यायच्या आधी इंजिन तापवून ठेवले होते. गार इंजिन सुरू होताना जो धूर सोडते, जी खडखड करते, ती गिऱ्हाइकाच्या कानावर पडू नये यासाठीची ही युक्ती. मग तुम्ही चालकाच्या बाजूचे दार उघडून खांबावरचा अर्धवट खरवडलेला, ऑइल बदलल्याचा स्टिकर मला दाखवलात. त्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर बॉलपेनाने ९१,४०० हा आकडा स्पष्ट वाचता येत होता. दलालाने मीटर मागे फिरवले होते, सीटचे कव्हर नवे घातले होते, ब्रेकच्या पायट्याचे झिजलेले रबरही बदलले होते. चिकटलेला तो एवढासा कागद तेवढा त्याच्या नखातून सुटला. तुम्ही आवाज चढवला नाहीत, भांडला नाहीत. दार हलकेच लावलेत आणि मला म्हणालात, "चाल, भूक लागनी."

त्या दिवशी परतताना तुम्ही जे सांगितले त्यामुळे माझी गाडी बघण्याची रीतच बदलली. कमी आकड्याच्या मागे लागू नकोस, असे तुम्ही म्हणालात. वर्षाला चार हजार किलोमीटर, तेही गल्लीबोळात, थांबत थांबत चालणाऱ्या गाडीचे इंजिन धड तापतसुद्धा नाही, तिच्या ऑइलमध्ये ओलावा साचतो, आणि उभ्या उभ्या रबर, बेल्ट, टायर वाळतात. महामार्गावर एका चालीने धावलेल्या गाडीचे इंजिन आणि गिअर मात्र वयाच्या मानाने तरुण राहतात, फक्त तिच्या प्रत्येक हजार किलोमीटरचा हिशेब कागदावर हवा.

दुसरी गाडी म्हणजे आज अंगणात उभी आहे ती व्होल्वो व्ही ९० क्रॉस कंट्री. ही गाडी भारतात जुलै २०१७ मध्ये आली तेव्हा तिची शोरूम किंमत साठ लाख रुपये होती. मला ती परवडण्याचे एकमेव कारण म्हणजे मीटरवरचे १,४७,३०० किलोमीटर. नाशिकच्या ज्या गृहस्थांची ती होती त्यांचे नाव येथे लिहीत नाही, पण विक्रेता असावा तर तसा. त्यांनी २०१८ च्या मध्यावर ती नवी घेतली आणि साडेसहा वर्षांत नाशिक–मुंबई अशी वापरली, म्हणजे वर्षाला साधारण साडेबावीस हजार. तुम्ही त्यांना फोनवर एकच अट घातलीत, की आदल्या संध्याकाळी गाडी धुळ्याला आणून तुमच्या आवारात उभी करावी, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि सकाळी आपण सगळ्यांनी मिळून ती सुरू करावी. ज्याला काही लपवायचे आहे तो ही अट मानत नाही. त्यांनी मानली.

ती पौषातली सकाळ मला स्पष्ट आठवते. थंडीने हात आखडले होते, काचांवर दव गोठायच्या बेतात होते. तुम्ही कानटोपी कानांवरून वर सरकवलीत, एक्झॉस्टच्या मागे पांढरे फडके धरलेत आणि गाडी सुरू करायला सांगितलेत. इंजिन एका झटक्यात सुरू झाले, थोडे खरखरले आणि मिनिटभरात शांत झाले. फडक्यावर काजळीचा फिकट ठिपका आला, ऑइलचा डाग नव्हता. मग तुम्ही रंगाची जाडी मोजायचे ते छोटे यंत्र प्रत्येक पत्र्याला लावत फिरलात. सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन भरत होते आणि डाव्या मागच्या दाराशी एकदम ३१० आले, म्हणजे तिथे पुन्हा रंग दिलेला होता. तुम्ही काही विचारण्याआधीच त्या गृहस्थांनी फाइल उघडून सोसायटीच्या फाटकाला घासल्याचे विम्याचे बिल पुढे केले. तुम्ही बिलावरची तारीख पाहिलीत, दाराची फट बोटाने चाचपलीत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "धावेल शे, पन काही दपाडेल नही शे." म्हणजे धावलेली आहे, पण काही लपवलेले नाही. माझ्या मते सौदा त्या वाक्याला ठरला, पुढचा व्यवहार नुसता तपशिलाचा होता.

त्या तपशिलातही तुम्ही मला फसू दिले नाही. पुढच्या टायरांना सहा मिलिमीटर नक्षी होती आणि मागच्यांना जेमतेम तीन. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, म्हणून मला ते ठीक वाटले होते. तुम्ही समजावलेत, की ही गाडी चारही चाकांना ताकद देते. पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक पडला की चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मागच्या धुऱ्याला ताकद जोडणारा क्लच उगाच झिजत राहतो. सबब चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे हवेत. टायरच्या कडेवरचे चार अंकी आकडे वाचायलाही तुम्हीच शिकवलेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आता मी लग्नाला गेलो तरी पार्किंगमधल्या गाड्यांचे टायर वाचत फिरतो, आणि घरचे लोक मला नावे ठेवतात.

नंतर आपण लळिंगच्या घाटाकडे गेलो. त्या इंजिनाची मौज तुम्हीच उलगडून दाखवलीत. दोन लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल, २३५ अश्वशक्ती आणि ४८० न्यूटन मीटर टॉर्क. पण एवढ्या लहान इंजिनाला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा व्हायला क्षणभर उशीर लागतो, म्हणून कंपनीने दाबलेल्या हवेची दोन लिटरची एक टाकी बसवली आहे. थांबलेल्या गाडीत पाय जोरात दाबला, की ती हवा टर्बोच्या पात्यांना पहिला धक्का देते. ती व्यवस्था बिघडलेली असेल तर गाडी उठताना आळस करील, म्हणून तुम्ही मला घाटाच्या चढावर तीन वेळा पूर्ण थांबवून तीन वेळा निघायला लावलेत. तिन्ही वेळा ती पहिल्या क्षणी उठली. लळिंगचा किल्ला डाव्या-उजव्या वळणांआडून दिसत होता, माझ्या चेहऱ्यावर पोरकट हसू होते, आणि तुम्ही मात्र डोळे मिटून, मान तिरकी करून पुढच्या चाकांचा आवाज ऐकत होता. उतारावर ब्रेक लावताच पुढून एक मऊसा 'टक' आला. "खालच्या आर्मचे बुश," म्हणजे चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले रबर, असे तुम्ही म्हणालात, आणि खिशातल्या वहीत लिहिलेत.

त्या वहीतले पान मी मागून घेतले आणि जपून ठेवले आहे. बुश, इंजिनाचा वरचा माउंट (इंजिनाला धरून ठेवणारा रबरी आधार), गिअरचे ऑइल, मागच्या जोडणीचे ऑइल, टायमिंग बेल्टचा संच. "कंपनी गिअरचं ऑइल जन्मभर चालते म्हणते, पण कोणाचा जन्म, गाडीचा की वॉरंटीचा?" हे तुमचे वाक्य मी पुढे अनेकांना ऐकवले आहे. तुम्ही मला सांगितलेत, की गाडीची किंमत ठरव, पण तिच्यावर अडीच लाख रुपये वेगळे काढून ठेव आणि ते नसतील तर ही गाडी घेऊच नकोस. साडेबावीस लाखांवरून गाडी एकोणीस लाखांना ठरली, टायरांचा आणि बुशांचा हिशेब त्यातून वजा झाला. माउंट सहा महिन्यांत जाईल असे तुम्ही म्हणाला होता. तो पाचव्या महिन्यात गेला. सगळी कामे मिळून दोन लाख अठरा हजार रुपये लागले. ते पैसे बाजूला होते म्हणून मला त्याची झळ लागली नाही. ते नसते तर हीच गाडी मी आज शिव्या देत विकली असती.

कागदांच्या बाबतीत मी तसा निष्काळजी माणूस आहे. गाडीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे असे मी गृहीत धरले होते. तुम्ही आरसी बुकावर बोट ठेवून दाखवलेत, की कर्ज फिटले असले तरी नोंद कायम आहे. बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय तुम्ही मला उरलेली रक्कम देऊ दिली नाहीत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्या ओट्यावर झाल्या, ई-चलान शून्य असल्याचे तिथेच मोबाइलवर पाहिले. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घे, आणि 'नो क्लेम बोनस', म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसून मालकाचा असतो, तो तुला मिळायचा नाही, हेही आधीच सांगितलेत. अन्यथा विम्याचा हप्ता पाहून मी नाशिकच्या त्या भल्या गृहस्थांवरच संशय घेतला असता.

वैशाखात, भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, रेल्वे फाटकापाशी आम्ही वीस मिनिटे अडकलो होतो. एसी चालू, इंजिन चालू, आई मागे डोळे मिटून पडलेली. मी तापमानाच्या काट्यावरून नजर हलवली नाही. काटाही हलला नाही. थंडीत घेतलेल्या गाडीची खरी परीक्षा उन्हाळ्यात, असे तुम्ही म्हणाला होता आणि त्यासाठी कूलंट, पाइप, पंखा हे सगळे फाल्गुनातच तपासून दिले होते. त्या दिवशी फाटक उघडल्यावर आई एवढेच बोलली, "ह्या गाडीम्हा चढनं पडत नही, बठनं पडस." मुंबईहून येताना आता ती कसाऱ्याच्या पुढे जागी असते आणि नाशिकच्या द्राक्षांवर टीका करते. पूर्वी ती अर्धा रस्ता कण्हत असे.

तुम्ही दीड दिवस काम बंद ठेवलेत, एकदा परगावी आलात, एकदा रात्रभर परक्याची गाडी अंगणात सांभाळलीत, आणि पैसे घेतले नाहीत. दिलेले पाकीट तुम्ही माझ्याच डिक्कीत, खुर्चीच्या खाली ठेवून दिले होते. ते मला कसारा घाटात खुर्ची काढताना सापडले. बामणोदची भरिताची वांगी आणि कळण्याचे पीठ मात्र तुम्ही परत केले नाही, त्यावरून पुढचा मार्ग मला कळला आहे.

एक विनंती राहिली. गेल्या आठवड्यापासून ऐंशीच्या पुढे मागच्या उजव्या चाकाकडून हलकी घरघर येते, ताशी शंभरला ती वाढते आणि गाडी डावीकडे वळवली की जास्त ऐकू येते. मला बेअरिंग वाटते. येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. शनिवारी रात्रीच येऊन तुमच्या आवारात लावीन, म्हणजे तुम्हाला ती गार मिळेल. वांगी सोबत आहेतच.

आपला कृपाभिलाषी,
यावल तालुक्यातील एक केळी बागायतदार