घास मोजू नका, भिजू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा’ हा सल्ला आरोग्यविषयक लेखांत वारंवार छापून येतो. आकडा पाठ होतो, पण घास चावायचा कशासाठी, हे वाचकाला कळत नाही. बत्तीस ही दातांची संख्या. घासाशी तिचा काय संबंध? उकडलेला बटाटा दहा-बारा वेळा चावला तरी पुरतो, भाजलेल्या शेंगदाण्याला तीस वेळाही कमी पडतात. जिभेला कोरडा कण टोचेनासा झाला, सगळा घास लाळेत भिजून एकजीव झाला, की तो गिळायला तयार.

दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढच्या ग्रंथीची नळी गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. तिथे जीभ फिरवली तर बारीकसा उंचवटा लागतो. लाळ ९९ टक्के पाणीच, पण उरलेल्या अंशात घासाला बुळबुळीत करणारं म्यूसिन, जंतूंना आवर घालणारं लायसोझाइम आणि पिष्टाचे तुकडे करणारं अमायलेज असतं. बिनमिठाचा उकडलेला बटाटा मिनिटभर चघळून पाहा. किंचित गोडसर चव येते, ती पिष्टापासून सुटलेल्या माल्टोजची. घास पोटात उतरला तरी आम्ल त्याच्या गाभ्यापर्यंत मुरेपर्यंत अमायलेजचं काम चालूच राहतं. प्रथिनांचं पचन मात्र जठरातच सुरू होतं.

घशाबद्दल तर या लेखांत अवाक्षरही नसतं, आणि आमच्या मते खरी जोखीम तिथेच आहे. हवा आणि अन्न यांची वाट घशात एकच. जिभेने घास मागे ढकलेपर्यंत सगळं आपल्या हातात असतं. पुढचं आपोआप, सुमारे एका सेकंदात घडतं. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर सरकतं, त्यावर झाकण कलतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. गळ्याच्या पुढच्या कडक भागावर बोट ठेवून आवंढा गिळा, स्वरयंत्र वर जाताना हाताला कळतं. तोंडात घास असताना बोललं किंवा हसलं की मध्येच श्वास आत ओढला जातो, नेमक्या त्याच वेळी स्वरतंतू उघडे असतात आणि ठसका लागतो.

पक्षाघातानंतर किंवा कंपवातात हा मेळ बिघडतो. अशा माणसाला घट्ट अन्न चालतं म्हणून पाणीही चालेल, असं घरच्यांना वाटतं. पण पातळ पाणी घशात वेगाने धावतं आणि स्वरयंत्र मिटायच्या आत पोहोचतं. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता झाला, तर खोकला आला नसला तरी पाणी श्वासनलिकेकडे गेल्याची शंका घ्यावी आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी. खायला-प्यायला देताना त्याला ताठ बसवावं, छोटा घोट द्यावा आणि तोंड रिकामं झाल्याशिवाय पुढचा देऊ नये.

औषधाची गोळीही आडवं पडून, घोटभर पाण्याबरोबर गिळू नये. ती सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेत अडकते आणि काही गोळ्यांनी तिथे व्रण पडतो. ताठ बसून पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ नये. मात्र पातळ पाण्यानेच आवाज घरघरत असेल, तर गोळी कशी द्यायची हे आधी डॉक्टरांना विचारावं.

आपले,
गिळण्याच्या विकारांवर उपचार करणारे काही वाचक