मंत्री महोदय, आमची दंडार आम्हालाच पाठवू द्या

प्रति,
माननीय केंद्रीय दूरसंचार मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी नागपूरच्या सक्करदरा भागात राहतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या लोकरंगभूमीचा, हंगाम सुरू झाला की वडसा, आरमोरी, सिंदेवाहीकडे जाऊन नाटकं आणि दंडारी (तिथलं लोकनाट्य) चित्रित करतो. नाटक मंडळीची लेखी परवानगी घेतो, लेखकाची घेतो, कुणाकडून पैसा घेत नाही. रात्रभर चालणाऱ्या नाटकाची फाइल अवाढव्य होते. सर्व्हर भाड्याने घेण्याची माझी ऐपत नाही, म्हणून ही चित्रणं मी टॉरेंटने, म्हणजे एकमेकांच्या संगणकांतून थेट फाइल वाटण्याच्या पद्धतीने, गावोगावच्या मंडळींना आणि अभ्यासकांना पाठवत आलो.

गेल्या महिन्यात ते बंद पडलं. बाकी इंटरनेट सुरळीत, फक्त टॉरेंट मेलं. ब्रॉडबँड कंपनीला फोन केला तर कस्टमर केअरवरचा मुलगा म्हणाला, "काका, टॉरेंट इल्लीगल आहे, वरून ऑर्डर आहे." ऑर्डर कुणाची? कुठल्या तारखेची? ती दाखवा म्हटल्यावर त्याने फोन ठेवला. तक्रार नोंदवली, तर चौकशीशिवाय 'निराकरण झाले' असा मेसेज आला.

आपल्या अधिकाऱ्यांनी आपल्याला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रॅमरने 2001 साली बिटटॉरेंट, म्हणजे हेच टॉरेंट, जगासमोर आणलं. त्यात फाइलचे लहान लहान तुकडे होतात. ज्याच्याकडे जो तुकडा पोचला तो त्याने पुढच्याला द्यायचा, त्यामुळे मागणारे वाढले की देणारेही वाढतात. प्रत्येक तुकडा हॅशने, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्याने, तपासला जातो, मध्ये कुणी फेरफार केला तर तो फेकला जातो. उबुंटू आणि डेबियनसारख्या मोफत प्रणाली आजही अधिकृतपणे अशा वाटल्या जातात. गरिबाला मोठी वस्तू वाटता यावी यासाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

यामागच्या कंपनीची वकिली मला करायची नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 2004 साली ती उभी राहिली आणि 2006 मध्ये तिने यूटॉरेंट हे टॉरेंटचं ॲप विकत घेतलं. पुढे त्यात जाहिराती कोंबल्या. 2015 साली त्याच्यासोबत लोकांच्या संगणकांत त्यांची ताकद वापरून क्रिप्टो चलन कमावणारं सॉफ्टवेअर शिरलं म्हणून बोंब झाली. 2018 मध्ये ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कवाल्या जस्टिन सनने कंपनी घेतली आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने त्याच्यावर आणि या कंपनीवर खटला भरला. त्यांचं ते बघून घेतील. पण बिटटॉरेंटची पद्धत खुली आहे, ती कुणाच्या मालकीच्या ॲपवर अडत नाही. मी स्वतः क्यूबिटटॉरेंट वापरतो, ते मोफत आहे आणि त्याचा कोड कुणीही वाचू शकतो.

लोक टॉरेंटवरून सिनेमे चोरतात, हे खरंच आहे. त्यांना पकडा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ते कलम वापरा. पण चोरीचा माल एसटीच्या पार्सलातूनही जातो, म्हणून गणेशपेठेतला पार्सल काउंटर कुणी कायमचा बंद केला आहे का?

पार्सलचंही सांगतो. टॉरेंट बंद पडल्यावर मी हार्ड डिस्क गुंडाळून गाडीने पाठवली. पोचली तेव्हा ती चालत नव्हती. त्यात दंडारीतल्या एका म्हाताऱ्या कलावंताचं चित्रण होतं. ते आता अंथरुणाला खिळले आहेत. आपलं काम एकदा पाहायचं आहे, असा त्यांचा निरोप मुलाने माझ्यापर्यंत पोचवला होता. माझ्याकडे मूळ प्रत आहे, ती मी पुन्हा काढतोय. या उन्हात, कूलरसमोर, जुन्या संगणकावर. तोपर्यंत त्यांची तब्येत कशी राहील हे मला माहीत नाही. त्या मुलाला फोनवर काय सांगायचं, हे आपणच सांगा.

सरकारने 2018 साली नेट न्यूट्रॅलिटी मान्य केली. ब्रॉडबँड कंपनीने एखादी सेवा किंवा नेटवर्क प्रोटोकॉल (माहिती पाठवायची पद्धत) पाहून भेदभाव करायचा नाही, हे परवान्याच्या अटींत आलं. मग माझ्या घरात प्रोटोकॉल पाहूनच दार बंद कसं झालं? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ मध्ये ब्लॉक करण्याची कारणं दिली आहेत: देशाचं संरक्षण, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. कॉपीराइट त्यात नाही. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याचा क्रमांक द्या. 2012 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचं नाव घेऊन कंपन्यांनी अख्ख्या वेबसाइट बंद केल्या, तेव्हा त्याच न्यायालयाला सांगावं लागलं की ठराविक पत्तेच बंद करा, पूर्ण साइट नाही. तरीही तुमच्या कंपन्या आजवर तेच करतात आणि तुमचं खातं बघत बसतं. वर 2009 च्या ब्लॉकिंग नियमांतला सोळावा नियम सगळं गोपनीय ठेवायला सांगतो. ज्याचं तोंड बंद केलं त्याला कारणही कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

आणि हे आमच्याच वाट्याला नेहमी का येतं? विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचं वचन देणारा नागपूर करार 1953 चा. दर डिसेंबरला अधिवेशन येतं, रस्ते धुतले जातात, गाड्यांचे ताफे येतात आणि जातात. गडचिरोलीच्या गावात फोनचे सिग्नल तेवढेच राहतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचे गोडवे सगळ्यांनी गायले. त्या रंगभूमीची चित्रणं जपायला किती पैसा आला? आम्ही पदरमोड करून जपतो, तर तेही तुम्हाला बघवत नाही. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या स्टुडिओंचे वकील न्यायालयात उभे राहतात, त्यांच्यासाठी रातोरात पत्ते बंद होतात. वडशाच्या मंडळीसाठी कोण उभं राहणार?

मला भाषण नको, भेटीची वेळही नको. माझ्या जोडणीवर टॉरेंट ज्या आदेशाने बंद केलं, त्या आदेशाची प्रत द्या, खाली अधिकाऱ्याची सही असलेली. तसा आदेश नसेल तर कंपनीला परवान्याची अट दाखवा आणि जोडणी या आठवड्यात पूर्ववत करायला लावा. सोळावा नियम बदला. एवढ्यावरही उत्तर आलं नाही, तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपुरातच आहे आणि मी याचिकेचे कागद जमवायला घेतले आहेत.

आपला,
एक ब्रॉडबँड ग्राहक
सक्करदरा, नागपूर