कैद्यांच्या मुलांकडेही पाहा

महोदय,

माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलाचे वडील येरवडा कारागृहात शिक्षा भोगत आहेत. आजी धुणीभांडी करून त्याला सांभाळते. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ कुणी डबा उघडत नाही. मुलांना घरूनच तसे बजावलेले असते. हे बघवत नाही. बालसंगोपन योजनेतून अशा मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, पण आजीला ते कुणी सांगितलेच नव्हते. आता उत्पन्नाच्या दाखल्यापायी तिचे खाडे होताहेत. अटक होते तेव्हाच घरी लहान मूल आहे का, हे विचारून पोलिसांनी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला कळवावे. कैद्यांना आपल्या मुलांना जवळ घेऊन भेटू देणारा कारागृहातील ‘गळाभेट’ उपक्रमही शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, नियमाने व्हावा.

— एक प्राथमिक शिक्षिका, पुणे