कोरल ओळखायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की "ते राहू दे, अल्कलिनिटी किती आली?" म्हणून तुम्ही विषय टाकीतल्या पाण्याच्या चाचणीकडे वळवता. म्हणून हे जाहीर पत्र.

इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलांची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी, लावला, तेव्हा दुकानात प्रत्येक कोरलवर रंगाचं भडक नाव आणि किंमत असायची. जात कुठेच नाही. तुम्हाला फोटो पाठवला की उत्तर ठरलेलं: "निळा लाइट बंद कर. पांढऱ्यात काढ, एक फुललेला, एक मिटलेला." निळ्या उजेडात सगळंच चमकतं, हे त्या दोन फोटोंनी मला पटलं. मग टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन या तीन सारख्या दिसणाऱ्या कोरलांची टोकं बघायला लावलीत. टॉर्चचे टेंटॅकल (बोटांसारखे मऊ धागे) लांब, सुटे, टोकाला एकच गोल बोंड; हॅमरचं टोक आडवं; फ्रॉगस्पॉनला फाटे आणि प्रत्येक फाट्यावर एक ठिपका. नुसता सांगाडा समोर आला तर हॅमर की फ्रॉगस्पॉन, हे सांगताना जाणकारही अडखळतात. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी या दोघांना युफिलिया या प्रजातीतून काढून फिम्ब्रियाफिलियात टाकलं, टॉर्च मागेच राहिला. दुकानांना त्याचं सोयरसुतक नाही, पण टाकीत जागा ठरवताना मला ते कामी आलं. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन शेजारी सहसा नांदतात. टॉर्च दोघांनाही डंखाने भाजून काढतो. "त्याला चारी बाजूंनी वीतभर जागा सोड," हे तुमचंच.

लेदर कोरल मिटून बसला, अंगावर मेणचट, चकचकीत पापुद्रा आला, तेव्हा कोणतं औषध घालू म्हणून मी फोन केला होता. "काही घालू नकोस. कात टाकतोय. पंपाचा झोत जरा त्याच्याकडे वळव." पुढच्या आठवड्यात पापुद्रा सुटून वाहून गेला आणि स्वारी पुन्हा फुलली.

झोअँथिडच्या, म्हणजे दगडावर बटणांसारख्या फुलणाऱ्या कोरलच्या नातेवाइकांच्या, बाबतीत मात्र तुम्ही इतके कडक झालात की घरातले सगळे गप्प बसले. त्यांच्या जातकुळीत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष सापडतं, 1971 मध्ये हवाईच्या पॅलिथोआ या झोअँथिडातून वेगळं केलेलं. ते चिकटलेला दगड उकळला तर वाफेतूनही माणूस दवाखान्यात पोचतो. हातमोजे आणि गॉगल घेऊन तुम्ही स्वतः घरी आलात. ते आता टाकीशेजारच्या खुंटीवरच असतात.

पाण्याचे आकडे भिंतीवर चिकटवलेत: क्षार 35 पीपीटी (हजारात 35 भाग), तापमान 25 ते 26 अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) तिच्या डीकेएच या एककात 8 ते 9, कॅल्शियम 420 पीपीएमच्या (दहा लाखांत 420 भागांच्या) आसपास. खाली तुमच्या अक्षरात, "आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, रोज हलता कामा नये."

आणखी एक आभार भाच्याकडून. पुण्यात त्यालाही असाच टँक हवा होता. भारतात हॅमर, टॉर्चसारखे दगडी सांगाड्याचे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरात ठेवता येत नाहीत, हे तुम्ही त्याला स्पष्ट सांगितलंत आणि मालवणला धाडलंत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करून आलाय. फोटो हिरवट, हललेले, पण पठ्ठ्याने जात ओळखायला मलाच पाठवले! मी ते तुमच्याकडे ढकलतेय.

टॉर्चला नवीन डोकं फुटलंय. ते तुमचं. कापून जखम भरली की घेऊन येते; वाळूजवळ, मंद प्रवाहात जागा करून ठेवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
बेसमेंटवाली