दाराला कडी न लावणारे रंगभूषाकार

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या ३० जुलैला हॉलिवूडचे रंगभूषाकार डिक स्मिथ यांचा स्मृतिदिन आहे. हे नाव आपल्या बऱ्याच वाचकांच्या कानावरून गेलेलं नसेल, पण त्यांचं काम अनेकांनी पाहिलेलं आहे. ‘द गॉडफादर’मधला सुटलेल्या गालांचा, थकलेला डॉन आठवा. त्या वेळी मार्लन ब्रँडो अवघे ४७ वर्षांचे होते. ‘द एक्सॉर्सिस्ट’मधले वयोवृद्ध पाद्री आठवा. ती भूमिका करणाऱ्या मॅक्स फॉन सिडो यांनी तर नुकती कुठे चाळिशी ओलांडली होती. त्यांच्यावर वय चढवणारे हात स्मिथ यांचे.

मी गेली २२ वर्षं नाशिकमध्ये हौशी नाटकांची रंगभूषा करते. शिरवाडकरांचं हे गाव. इथल्या नटाला तिशीतच म्हाताऱ्याची भूमिका खुणावायला लागते. त्यामुळे माणसांना म्हातारं करणं हेच माझं मुख्य काम. सुरुवातीला ते मी सगळ्यांसारखंच करायचे. तपकिरी पेन्सिलीने कपाळावर तीन आडव्या रेघा, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन, आणि केसांना पांढरी पावडर. परशुराम सायखेडकर नाट्यगृहात पाचव्या रांगेतूनसुद्धा ते खोटं दिसायचं. नट हसला की त्याच्या खऱ्या सुरकुत्या एकीकडे जायच्या आणि मी काढलेल्या दुसरीकडे. मला ते फार लागायचं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते कामाला वाघ होते. पण लेटेक्सचं, म्हणजे पातळ रबराचं, मिश्रण करताना आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. बाटल्यांवरची लेबलंही काढून टाकलेली असायची. माझा त्यांच्यावर राग नाही. पोटापाण्याची विद्या झाकून ठेवायची, हे त्यांनाही कुणीतरी शिकवलेलं असणार. पण म्हणूनच स्मिथ यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

येल विद्यापीठात शिकताना स्मिथ यांना दंतवैद्य व्हायचं होतं. रंगभूषेवरचं एक पुस्तक हाती पडलं आणि वाट बदलली. १९४५ साली ते एनबीसी या टीव्ही कंपनीत लागले आणि बरंचसं स्वतःच, चुकतमाकत शिकले. तेव्हा चेहरा पूर्ण बदलायचा तर फोम रबराचा अख्खा मुखवटा एकसंध ओतत. तो चढवला की नटाचा चेहरा आत कोंडून जायचा. स्मिथ यांनी त्याचे तुकडे पाडले. गाल वेगळे, हनुवटी वेगळी, ओठ वेगळे. कडा सायीसारख्या पातळ आणि एकमेकींवर येणाऱ्या. आत नटाने भुवई उचलली की वरचं रबरही उचललं जातं, हे त्यातलं मर्म. आधी याच धंद्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. आज जगभर हीच पद्धत रुळली आहे. १९७०च्या ‘लिटल बिग मॅन’मध्ये त्यांनी तिशीतल्या डस्टिन हॉफमनना १२१ वर्षांचं केलं. त्यांच्या पापण्यासुद्धा रबराच्या होत्या, आणि त्या लवायच्या! तो प्रसंग मी थांबवून थांबवून किती वेळा पाहिला असेल, त्याची मोजदाद नाही.

‘एक्सॉर्सिस्ट’मध्ये झपाटलेल्या मुलीच्या पोटावर आतून अक्षरं उमटतात. त्या काळी कॉम्प्युटरची मदत नव्हती. स्मिथ यांनी पोटाची फोम रबराची प्रतिकृती केली आणि त्यावर ब्रशने एक द्रावण लावून अक्षरं लिहिली. द्रावणाने रबर फुगलं. मग गरम हवेच्या झोताने ते हळूहळू बसवलं आणि कॅमेऱ्याने हे बसणं टिपलं. फिल्म उलटी चालवली की अक्षरं वर येताना दिसतात. एक ब्रश, एक ड्रायर आणि उलटी फिल्म! मी हे ज्याला ज्याला सांगितलं, तो क्षणभर गप्प झाला.

‘अमाडेउस’ चित्रपटातल्या म्हाताऱ्या संगीतकार सालिएरीच्या रंगभूषेसाठी त्यांना पॉल लब्लांक यांच्यासह ऑस्कर मिळालं आणि त्याच भूमिकेसाठी एफ. मरे अब्राहम यांना अभिनयाचं. माझ्या मते हे दोन पुरस्कार वेगळे मोजूच नयेत. २०११ साली स्मिथ यांना मानद ऑस्करही मिळालं.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते याहून वेगळं. त्यांनी दाराला कधी कडी लावली नाही. रिक बेकर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या पोरसवदा मुलाने त्यांना पत्र लिहिलं, आपल्या कामाचे फोटो पाठवले. स्मिथ यांनी त्याला घरी बोलावलं, शिकवलं, पुढे ‘एक्सॉर्सिस्ट’वर मदतनीस म्हणून घेतलं. या बेकरना नंतर सात ऑस्कर मिळाली. मुलांना घरच्या घरी भुतंखेतं बनता यावीत म्हणून स्मिथ यांनी १९६५ साली पुस्तिका लिहिली. मोठ्यांसाठी पत्रद्वारे अभ्यासक्रम चालवला आणि त्यात आपली सूत्रं मापांसकट देऊन टाकली.

अशाच एका सूत्राची झेरॉक्स माझ्यापर्यंत पोहोचली. लेटेक्स, टाल्कम, जिलेटिन आणि पॅनकेक हा चेहऱ्याचा रंग. आधी मी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, कारण काहींना लेटेक्स सोसत नाही. मग २७ वर्षांच्या एका नटाला आरशासमोर बसवलं. गाल बोटांनी ताणून धरायचा, स्पंजाने पातळ थर टिपायचा, ड्रायरने वाळवायचा, वर पावडर मारायची आणि मग गाल सोडायचा. रंगपटात अमोनियाचा वास भरला होता. गाल सोडला आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्यापर्यंत बारीक जाळं विणलं गेलं. तो हसला, जाळंही त्याच्याबरोबर हसलं.

महिनाभर तालमीत तो वाकून, कापऱ्या आवाजात बोलत होता. त्या दिवशी रंगीत तालमीत त्याने पहिलं वाक्य घेतलं ते सरळ आवाजात. कापरेपणा गेला होता. दिग्दर्शकाने विचारलं तर म्हणाला, “आता त्याची गरजच वाटत नाहीये.” रंगभूषा कशासाठी असते, हे मला त्या वाक्याने कळलं.

संपादक महोदय, आपलं शहर फाळक्यांचं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, नाशिकमध्ये चित्रपट काढणाऱ्या दादासाहेबांनी १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाला राम आणि सीता दोन्ही केलं होतं. अशा गावातल्या वर्तमानपत्रात राज्य नाट्य स्पर्धेचे वृत्तांत येतात तेव्हा दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत अशी सगळी नावं असतात आणि रंगभूषेचं नाव बऱ्याचदा गळतं. यंदाच्या मोसमापासून ते छापावं, ही मनापासून विनंती. माझंच नव्हे, शेजारच्या आरशापाशी उभं राहून पन्नास रुपयांच्या क्रेपमधून, म्हणजे नकली केसांतून, दाढी विणणाऱ्या पोरांचंही.

आणि हे काम ज्या कुणाला शिकायचं असेल, त्याने प्रयोगाआधी तीन तास रंगपटात यावं. माझ्या बाटल्यांवर लेबलं आहेत.

आपली,
एक रंगभूषाकार
पंचवटी, नाशिक