ऑफिस टाइमच्या रोपांसोबत दिलेल्या चुकीच्या माहितीपत्रकाबद्दल तक्रार

दि. २२ एप्रिल २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : माहितीपत्रकाप्रमाणे निगा राखूनही ५२ रोपं कुजल्याबद्दल, तसेच ते माहितीपत्रक तातडीने बदलण्याबद्दल.

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. १४ मार्चला मी आपल्या संकेतस्थळावरून ऑफिस टाइम या फुलझाडाची ६० रोपं आणि आपल्याच कंपनीच्या तयार मातीच्या ५ पिशव्या मागवल्या. रोप ३० रुपयांना एक, पिशवी १६० रुपयांना, कुरिअरचे २५०, असे एकूण २,८५० रुपये मी माझ्या पगारातून भरले. आज त्यातली ५२ रोपं मेलेली आहेत. ती कशी मेली ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर आपल्या माणसाने ते ऐकून घेतलं नाही.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यासमोर उताराची तीसेक फूट लांब पट्टी आहे. वारा सुटला की तिथला फुफाटा थेट वर्गात येतो, पाट्या-दप्तरं सगळी धुळीने भरतात. ती जमीन झाकून टाकेल असं काहीतरी हवं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी टँकरचं, तोही दोन दिवसांआड, त्यामुळे हिरवळीचा विचारही करता येत नाही. ऑफिस टाइम मी लहानपणापासून पाहिलेलं. आईकडे पत्र्याच्या फुटक्या डब्यात होतं. त्याला कुणी मुद्दाम पाणी घातल्याचं मला आठवत नाही, तरी चैत्र-वैशाखात डबा दिसेनासा होईल इतकं फुलायचं.

दुसरंही कारण होतं. मार्चपासून आमची शाळा सकाळची असते. मुलं सातला येतात तेव्हा या फुलांच्या कळ्या घट्ट मिटलेल्या असतात आणि मधल्या सुट्टीच्या सुमारास, ऊन चढलं की, एकेक उमलायला लागते. ऑफिस टाइम हे नाव त्यावरूनच पडलं. फूल उघडतं ते उन्हावर, ढगाळ दिवशी कळी मिटलेलीच राहते, हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहून वहीत लिहावं असं माझ्या मनात होतं. परिसर अभ्यासाचा इतका चांगला तास मला दुसरा सुचत नाही.

रोपं २० मार्चला आली. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेने मिळून लावली. प्रत्येक मुलाने एकेक रोप आपलं म्हणून घेतलं, शेजारी आइस्क्रीमच्या काडीवर नाव लिहून खोचलं. खोक्यात आपलं माहितीपत्रक होतं. त्यातला मजकूर जसाच्या तसा देते : “ही सुधारित जात असून जुन्या पद्धतीने वाढवू नये. सकाळ-संध्याकाळ नियमित पाणी द्यावे. कडक ऊन टाळावे, हिरवी जाळी वापरावी. लागवडीसाठी आमचीच तयार माती वापरावी. दर आठवड्याला १९:१९:१९ खत द्यावे.” (१९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत.)

वाचताना मनात शंका आली होती, हे मी मान्य करते. पण सुधारित जात म्हटल्यावर मला वाटलं, आपलं ज्ञान जुनं, विकणाऱ्याला जास्त कळत असणार. मी मुलांना ते पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं आणि एकही दिवस चुकवायचा नाही म्हणून बजावलं.

मुलांनी एकही दिवस चुकवला नाही. रोज चार हंडे पाणी त्या पट्टीला गेलं. दुसरीतली पोरं स्वतः प्यायची बाटली अर्धी ठेवून घरी जाताना आपल्या रोपाला घालायची. शाळा सुटल्यावर जवळ राहणारी मुलं संध्याकाळी परत यायची. माणमध्ये एप्रिलमधल्या एका हंड्याची किंमत काय असते हे आपल्याला माहीत नसेल तर इथल्या कुठल्याही बाईला विचारा.

पहिला आठवडा रोपं टवटवीत दिसली. मग देठ लांबुडके होऊन जाळीखालून उजेडाकडे वाकायला लागले. कळ्या धरल्या, पण उमलल्या नाहीत. २ एप्रिलला तिसरीतल्या एका मुलीने आपलं रोप सरळ करायला हात लावला आणि ते जमिनीपासून सुटून तिच्या हातात आलं. मी पाहिलं तर बुडाशी देठ काळा पडलेला, चिमटीत दाबला तर पाणी सुटलं, नासक्या काकडीसारखा वास. वरची पानं मात्र हिरवी आणि फुगीर होती. पानांच्या बेचक्यातली पांढरी लवसुद्धा शाबूत होती. म्हणूनच आम्हाला इतके दिवस काही कळलं नाही. खालची माती उकरली. वरून कोरडी दिसत होती, पण दोन बोटं खाली गच्च ओली. मूठ आवळली तर थेंब गळाले. आपल्या पिशवीत जवळजवळ सगळा नारळाचा भुसाच आहे, आणि तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो.

५ एप्रिलला मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलाने माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सांगितलं, “मॅडम, तुमच्याकडे ऊन जास्त आहे, पाणी वाढवा.” आम्ही वाढवलं. १४ एप्रिलपर्यंत त्या पट्टीत एकही रोप उभं राहिलं नाही. पुन्हा फोन केल्यावर उत्तर मिळालं की सजीव वस्तूंवर परतावा मिळत नाही.

आता उरलेल्या आठ रोपांचं सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. तयार माती ५२ खड्ड्यांना पुरली. राहिलेली आठ रोपं शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी स्वयंपाकखोलीमागे, बांधकामाच्या वेळी पडलेल्या मुरमाच्या ढिगाऱ्यात खोचली. तिथे जाळी नाही, खत नाही, दिवसभर रखरखीत ऊन. तीन-चार दिवसांतून एकदा तांदूळ धुतलेलं पाणी त्या तिकडे भिरकावतात, तेवढंच. आठच्या आठ रोपं जिवंत आहेत. जमिनीलगत वीतभर पसरली आहेत आणि काल सकाळी मी मोजली तेव्हा त्यांवर तेवीस फुलं होती, गुलाबी, पिवळी आणि शेंदरी. एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आलेली ही रोपं. तेव्हा जातीत दोष नाही, रोपांत दोष नाही, आमच्या हवेतही नाही. मावशी मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “बाई, ह्याला कशाला एवढं पानी? दगडावर बी येतंय हे.” मी त्यांचं ऐकायला हवं होतं आणि ऐकलं नाही, कारण माझ्या हातात आपला छापील कागद होता.

महोदय, हे झाड पाणी पानात आणि देठात साठवून ठेवणारं आहे. आपली रानातली घोळ याचीच बहीण. आपल्या पत्रकात मूळ चीनचं असंही लिहिलं आहे. चिनी गुलाब म्हणतात म्हणून ते लिहिलं असावं, पण हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या बाजूचं. रेताड, निचऱ्याच्या जमिनीत, भरपूर उन्हात वाढायची त्याची सवय. दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन लागतं, सावलीत ते नुसतं वाढतं, फुलत नाही. मुळाशी पाणी साचलं की बुंधा कुजतो. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यायचं. भारी काळी माती असेल तर वाळू किंवा मुरूम मिसळून वाफा उंच करायचा, पावसाळ्यासाठी तर करायचाच. नत्राचं खत जास्त झालं की पाला सुटतो आणि फुलं कमी येतात. ही काही गुपितं नाहीत. गावोगाव ज्यांच्या अंगणात हे आहे त्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. रोपं विकणाऱ्या कंपनीला ते ठाऊक नसेल हे मला पटत नाही. तयार माती, जाळी आणि खत या तिन्ही वस्तू आपण विकता आणि त्या तिन्ही वापरायला पत्रकात सांगितलं आहे, एवढं मी नोंदवून ठेवते.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. चौथीतला एक मुलगा, स्वभावाने अबोल, कुजलेलं रोप ओंजळीत घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “बाई, मी रोज पाणी घातलं होतं. दोन्ही टायमाला. तरी कसं मेलं?” तुझ्या पाण्यानेच ते मेलं, हे मी त्याला कसं सांगायचं? मी त्याला सांगितलं की चूक बाईंची झाली. पण ती चूक मी आपल्या कागदावर विश्वास ठेवून केली.

माझी पहिली मागणी पैशाची नाही. हे माहितीपत्रक आजपासून कुठल्याही खोक्यात घालू नये, संकेतस्थळावरचा तोच मजकूर काढून खरी माहिती टाकावी, आणि या उन्हाळ्यात ज्यांना ज्यांना ही रोपं पाठवली त्यांना मेसेज करून पाणी कमी करा, जाळी काढा, असं कळवावं. काहींची रोपं अजून वाचू शकतील. त्यानंतर ५२ रोपांचे १,५६० आणि मातीच्या पिशव्यांचे ८००, असे २,३६० रुपये परत करावेत. आठ जगलेल्या रोपांचे पैसे मी मागत नाही. बदली रोपंही नकोत. त्या आठांचेच तीन-चार इंचांचे शेंडे खुडून, एक दिवस सावलीत सुकवून आम्ही पट्टीत लावतो आहोत, या वेळी नुसत्या मुरमात. कालच मुलांनी असे चौदा शेंडे लावले.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे आपण या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आहे आणि निवारण एका महिन्यात करायचं आहे. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन, आणि तिथेही काही झालं नाही तर सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. रक्कम लहान आहे म्हणून मी कंटाळून सोडून देईन असं कृपया समजू नये.

सोबत बिलाची प्रत, माहितीपत्रकाची दोन्ही बाजूंची छायाचित्रं, कुजलेल्या पट्टीची आणि स्वयंपाकखोलीमागच्या आठ रोपांची एकाच सकाळी काढलेली छायाचित्रं जोडली आहेत. एका विद्यार्थिनीच्या वहीतलं नाव झाकलेलं पानही जोडलं आहे. २१ मार्च ते ४ एप्रिलपर्यंत कुठल्या रोपाला किती वाजता किती पाणी घातलं ते तिने रोज लिहून ठेवलं आहे.

आपली,
एक शिक्षिका
ता. माण, जि. सातारा