गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल स्त्रीला समजला पाहिजे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किती स्त्रियांची तपासणी झाली, हे मोजले जाते. त्यांतील किती जणींना आपला अहवाल समजला आणि किती जणी उपचारापर्यंत पोहोचल्या, हेही तितक्याच काळजीने मोजले जावे, ही माझी विनंती आहे.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा संसर्ग अतिशय सर्वसामान्य असून बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. जिथे तो टिकतो, तिथे पेशींमधील बदलांचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचार न घेतलेल्या स्त्रीत मात्र ५ ते १० वर्षेच पुरतात. याच काळात ते बदल शोधून काढून टाकता येतात, म्हणून ही तपासणी कोणताही त्रास नसलेल्या स्त्रीसाठी असते. संबंधांनंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव होत असेल, तर तपासणीच्या फेरीची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जायला हवे.

एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आढळला, कर्करोग नव्हे. संसर्ग अनेक वर्षे सुप्त राहू शकत असल्याने त्यावरून पती किंवा पत्नीच्या निष्ठेबद्दलही काही ठरवता येत नाही, आणि हे स्त्रीला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे, कारण या संशयाच्या भीतीने अहवाल लपवला जाऊ शकतो. पॅप चाचणीत, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींच्या तपासणीत, सौम्य बदल दिसले, तर ते बऱ्याचदा आपोआप ओसरतात. तीव्र बदल दिसल्यास कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी, आणि गरजेनुसार बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करावी लागते. कर्करोगपूर्व बदल निश्चित झाल्यास बाधित भागावरच उपचार करतात, गर्भाशय काढावे लागतेच असे नाही. नमुना अपुरा असल्याचा शेरा म्हणजे तपासणी झालीच नाही. निगेटिव्ह अहवालही कायमची हमी नसतो: एचपीव्ही चाचणी ५ ते १० वर्षांनी, तर पॅप चाचणी साधारण ३ वर्षांनी पुन्हा करावी लागते. एचपीव्हीची लस घेतलेल्या स्त्रियांनाही हे लागू आहे, कारण लस विषाणूच्या सर्व घातक प्रकारांपासून संरक्षण देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेल्या उद्दिष्टात ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी होणे अपेक्षित आहे; परंतु दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के जणींवर उपचार होणे, हाही त्याचाच भाग आहे. म्हणून प्रत्येक अहवालावर काय आढळले, आता काय करायचे आणि केव्हा, कुठे यायचे, हे स्त्रीच्या भाषेत साध्या वाक्यांत लिहिण्याचे आदेश आपण द्यावेत. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकीशी आरोग्यसेविकेने एकांतात बोलावे, आणि ठरल्या तारखेला ती आली नाही, तर तिची पुन्हा चौकशी करण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर सोपवावी.

आपली विश्वासू,
एक नागरिक